देठासकट

भिवापूरच्या सातऱ्यावर मार्चमध्ये
हवाच शिंकत असते.
ताडपत्रीवर लाल ढीग, भोवती बाया,
नाकाला पदर, बोटांना खोबरेल,
आणि मी पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप घेऊन,
कारण रेंज तिथेच येते.

गटाची पूड आता ईमेलवर विकली जाते.
नवी मिरची आली की मी एकदाच लिहिते,
ते पाचशे जणांना जातं.
पाचशेपर्यंत फुकट होतं.
काल रात्री साकोलीच्या हेमलता कापगते यांनी
फॉर्म भरून अर्धा किलो मागितली
आणि त्या झाल्या पाचशे एकाव्या.
सकाळी कंपनीचा निरोप:
आपली भरभराट होत आहे, अभिनंदन,
यापुढे दरमहा तेरा डॉलर.

"कशाचे वो पैसे?" पंचफुलाबाईनं विचारलं. "पत्राचे?"
पत्राचे नाही, नावाचे.
"पत्र नाई उघडलं तरी?"
तरी.
"नको म्हणून सांगून गेला, त्याचे बी?"
त्याचेही, मी हातानं काढेपर्यंत.
ती थांबली. मिरची बोटांत तशीच.
"म्हणजे हे पंगतीत पत्रावळी नाई मोजत,
पत्रिका मोजतेत."

तेरा डॉलर म्हणजे अकराशे रुपये, महिन्यागणिक थोडे वरखाली.
देठ खुडायचे नऊ रुपये किलो.
म्हणजे एकशे बावीस किलो,
म्हणजे पंचफुलाबाईच्या बोटांची नऊ दिवसांची आग.
तिचा काटा तर देठ वजा करून बोलतो.
कंपनीचा देठासकट.

दुसरी एक योजना आहे:
नावं कितीही ठेवा, पत्रं मोजून पैसे.
पण आधी भरायचे,
आणि वर्षात संपली नाहीत तर बुडाले.
दाणे आणले नाहीत तर दळणाचे पैसे गेले
असं सांगणारा चक्कीवाला
आमच्या गावात पहिल्या दिवाळीपर्यंतही टिकला नसता.

मग मी नावं खुडायला बसले.
सहा महिन्यांत ज्यांनी काहीच उघडलं नाही, ते त्र्याऐंशी.
मूलचे गेडाम गुरुजी, ज्यांनी 'कॉम'च्या जागी 'कॉन' लिहिलं
आणि तीन वर्षं पत्र भिंतीवर आपटून परत येत राहिलं.
गेले.
नागपूरचा एक बँकवाला, आधीच नको म्हणून गेलेला,
यादीत मात्र पाय पसरून बसलेला. गेला.
मी स्वतः, दोनदा. एक मी गेले.
एका पुण्याच्या बाईंनी फक्त पाककृती मागितली होती.
खरं तर ती मी पाठवलीच नव्हती.
त्यांना राहू दिलं, पत्र लिहायचं ठरवून.

आणि वसंत डोर्लीकर, गडचिरोली.
दर मार्चमध्ये अर्धा किलो.
शेवटच्या मागणीखाली लिहिलेलं,
"जरा कमी तिखट मिळेल का, डॉक्टर रागावतात."
त्यानंतर दोन मार्च. काही उघडलेलं नाही.
बोट बटणावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

पंचफुलाबाई स्क्रीनकडे बघतच नव्हती,
तरी म्हणाली, "एखादा देठ राहू द्यावा, पोरी.
देठ असला की बी सांडत नाई,
मिरची दिवाळीपर्यंत टिकते."
शेठ ऐकेल म्हणून हे हळू आवाजात.

यादी झाली चारशे वीस. पुन्हा फुकट.
डोर्लीकर आत, कापगते आत,
आणि मी एकदाच.

संध्याकाळी काटा झाला.
तेरा किलो, चारशे ग्रॅम धरले नाहीत.
नोटा कनवटीला खोचताना तिनं विचारलं,
"त्या यादीत माहं नाव हाये का?"
नाही.
"मंग मी फुकटचीच व्हय!"
आणि इतकी हसली
की ठसका लागला,
आणि पाणी द्यायला गेलेल्या मलाही.